निरोगी दिसण्याची पथ्ये

तब्येत सुधारायची ठरवलीत? उत्तम. पण घाई नको, आधी कपडे घ्या. घरातल्या विटक्या टी-शर्टवर केलेला व्यायाम अंगी लागत नाही, हे आता सर्वमान्य आहे. मॅटही कॉर्कची हवी. सतरंजीवर पवनमुक्तासन केलंत तर पवन मुक्त होईल, पण तुमची गणना वेलनेसवाल्यांत होणार नाही.

आता आहार. नाचणी जरूर खा, मात्र भाकरी म्हणून नको. स्टीलच्या वाटीतली आंबील म्हणजे गरिबी. तीच उभट काचेच्या ग्लासात, वर चिमूटभर चिया सीड्स, की झालं सुपरफूड. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं आणि नाचणीची जात बदलली. शेजारच्यांनी शेवग्याचा पाला फुकट देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणा. तो वाळून, दळून, 'मोरिंगा' होऊन डबीतून आल्याशिवाय गुण देत नाही.

चालायचं ते १०,००० पावलं. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातून आलाय, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नव्हे, हे चारचौघांत बोलू नका. आणि घड्याळ चार्जिंगला लावलेलं असताना चालू नका. ती पावलं फुकट जातात.

इथे एक शंका नेहमी निघते. आपल्याकडे येणाऱ्या मावशी रोज पाच घरचे जिने चढतात, उकिडव्या बसून फरशी पुसतात, मग त्या सगळ्यांत फिट का नाहीत? सोपं आहे. त्यांचं ते काम, आपला तो व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत घरकामही शारीरिक हालचालीत धरलं आहे, पण त्या संघटनेने आपली सोसायटी पाहिलेली नाही. मावशींना गुडघ्यांबद्दल विचारू नका. विचारलंत तर लांब दांड्याचा मॉप आणावा लागेल, वर 'लिफ्टने या' म्हणावं लागेल. आपण स्क्वॉट्ससाठी महिन्याच्या बोलीवर ट्रेनर लावावा.

योगात तर फारच सांभाळा. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात खुर्च्या, दोऱ्या, लोड, लाकडी ठोकळे आणून म्हाताऱ्या, आजारी, न वाकणाऱ्या माणसांनाही आसनांत बसवलं. हेतू चांगला असेल, पण ज्याला त्याला आपापल्या हाडांच्या मापाचा योग मिळू लागला, तर गोव्यात वागातोरच्या कड्यावर सूर्यास्ताला वृक्षासनात उभं राहणाऱ्याने काय करायचं? फोटोत खुर्ची येता कामा नये. पोटही नको.

शेवटचा धोका तुमच्या सोसायटीच्या बागेतच आहे. सकाळी सहाला तिथे साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या बायकांचा घोळका हातवारे करतो. एकीला मधुमेह आहे, एकीला रात्रीची झोप नाही, एक निम्मा वेळ बाकावरूनच हात हलवते आणि कुणी तिला उठवत नाही. मध्येच सासूचा विषय निघतो, व्यायाम थांबतो, पुन्हा सुरू होतो. फी नाही, कुणाकडे मेथी जास्त झाली तर जुड्या वाटतात. त्यांनी हाक मारली तर कानात इअरफोन आहेत असं दाखवून पुढे सटका. माणसांत मिसळण्याची एवढीच हौस असेल तर वीकेंड रिट्रीटला जा. तिथे 'कम्युनिटी'वर दीड तासाचं सत्र असतं. जीएसटी वेगळा.