मसाल्याच्या डब्यातली दालचिनी रुजत नाही

‘दालचिनीची काडी कुंडीत खोचा, महिन्याभरात पालवी फुटेल’ असा व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतोय. कृपया त्यावर विश्वास ठेवून कुंडी अडवू नका. ती काडी म्हणजे फांदी नव्हेच. फांदीची सोललेली, वाळवलेली साल आहे ती. तिला डोळा नाही, जीवही नाही. पालवी फुटणार कुठून?

झाड हवं असेल तर ताजं बी मिळवा. कोकणात पावसाच्या तोंडावर जांभळट-काळी फळं पिकतात. गर धुऊन बी लगेच पेरायचं, कारण त्याची उगवणशक्ती फार लवकर जाते. नाहीतर सरळ रोपवाटिकेतून कलम आणा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोंकण तेज’ ही जात चांगली आहे. पाणी साचू न देणारी माती आणि सुरुवातीला थोडी सावली, एवढं सांभाळा.

सालीची मात्र घाई नको. झाड तीनेक वर्षांचं झालं की बुंध्याशी छाटतात, मग फुटणाऱ्या धुमाऱ्यांची साल काढतात. उभ्या खोडाची साल गोलाकार खरवडलीत, तर झाडच मरेल. हे त्या व्हिडिओत सांगितलेलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.