गणपतीची गोळी ती ही नव्हे

गेले काही दिवस बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘फक्त प्रोजेस्टिनवाली गर्भनिरोधक गोळी म्हणजे गणपतीत पाळी लांबवायला घेतो तीच. तिने बाळंतिणीचं दूध आटतं, घाण रक्त पोटात साठतं. नवरा घरी असेल तेवढेच दिवस घेतली तरी पुरते.’ हर्णैजवळ माझं मेडिकल आहे. मोबाइल पुढे करून ‘ताई, हे खरं का?’ विचारणाऱ्या इतक्या झाल्या, की लिहूनच टाकते.

पहिलं वाक्यच घ्या. श्रावण सरत आला की काउंटरवर कुजबुज सुरू होते, ‘ती गणपतीची गोळी द्या.’ ती नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची. हे एक प्रोजेस्टिन, म्हणजे कृत्रिम हार्मोन. तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन, म्हणजे १५ मिलिग्रॅम पोटात जातं. मेसेजातल्या फक्त प्रोजेस्टिनवाल्या, छोट्या गर्भनिरोधक गोळीत हेच औषध असलं तर ते असतं ०.३५ मिलिग्रॅम. चाळीस पटींहून जास्त फरक! कूळ एक म्हणून काम एक होत नाही. पाळी लांबवायच्या गोळीवर गर्भ राहणार नाही असा भरवसा ठेवायचा नाही. शिवाय त्या मोठ्या मात्रेतला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनमध्ये बदलतो, त्यामुळे पायात वगैरे रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या बाईने ती परस्पर घेऊच नये. (आणि पाळीत आरतीला उभं राहिलं तर बाप्पा रागावतो का, हा प्रश्न माझ्या दुकानाबाहेरचा. माझं मत मात्र ठाम आहे.)

दुधाचं म्हणाल तर गफलत कुठे झाली ते दिसतं. माला-एनसारख्या गोळीत इस्ट्रोजेनही असतं. त्याने दूध कमी होऊ शकतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ती देत नाहीत. छोट्या गोळीत इस्ट्रोजेन नाहीच. बाळंतिणीला ती चालते ती त्यामुळेच.

घाण रक्त साठत नाही. गोळीने गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायलाच फारसं काही नसतं. खरा त्रास आहे तो अधूनमधून डाग पडण्याचा, पाळीचा नेम चुकण्याचा. पुष्कळजणी त्याला कंटाळून गोळी सोडतात, आणि मेसेजात नेमकं तेच नाही.

आता शेवटचं वाक्य. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते, कारण ते आपल्याकडे पटकन पटतं. कुणाचा नवरा ट्रॉलरवर, पावसाळी मासेमारी बंदीत घरी. कुणाचा मुंबईला, गणपती-शिमग्याला येणारा. मग रोज कशाला? तर ही गोळी गर्भाशयाच्या तोंडाचा चिकट स्राव घट्ट करते, म्हणजे वाट अडवते. मधेच सुरू केली तर वाट अडायला दोन दिवस जातात, आणि गोळी थांबली की दिवसभरात ती पुन्हा मोकळी. म्हणून रोज, ठरल्या वेळी, पाकीट संपलं की खंड न पाडता दुसरं. ०.३५ वाल्या गोळीला तीन तासांपलीकडे उशीर चालत नाही. डेसोजेस्ट्रेल हे दुसरं प्रोजेस्टिन असलेलीला बारा तास. त्याहून उशीर झाला तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची नेहमीच्या वेळी, आणि दोन दिवस कंडोम. मधे संबंध आलाच असेल तर तातडीच्या गोळीबद्दल त्याच दिवशी विचारा. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर हिचा जोर कमी पडतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

माझी एक गिऱ्हाईक दिवेलागणीला गोळी घ्यायची. दिवेलागण जूनमध्ये सव्वासातला, मार्गशीर्षात सहाला, आणि बंदरावर लिलाव लांबला की दिवा सासूच लावते. म्हटलं, मोबाइलला अलार्म लाव. ‘घरात कुणी बघितलं तर?’ आता तिचा अलार्म रात्री ९ ला वाजतो. पडद्यावर नाव येतं, ‘विरजण’.