पाळकसाहेब, जरा कडक व्हा

वर्षानुवर्षं बाप्तिस्मे देऊन, लग्नं लावून आणि मयताच्या घरी हळू आवाजात बोलून पाळकाच्या गळ्याला एक वळण पडतं. पुढे त्यातून कुठलंही वाक्य निघालं तरी ते आशीर्वादासारखंच ऐकू येतं. "मागच्या खुर्च्या अजून लावायच्या राहिल्यात," असं मी म्हणालो की समोरच्याचे डोळे अर्धवट मिटतात, चेहऱ्यावर शांती पसरते आणि "हो, पाळकसाहेब," म्हणून तो प्रसन्न मनाने घरी जातो. खुर्च्या मी लावतो.

हे बरेच दिवस सुखाने चाललं होतं. मग ते कमिटीच्या लक्षात आलं. बैठक संपत आली असताना एका ज्येष्ठ सभासदांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही माणूस म्हणून फार चांगले आहात." यापुढे 'पण' येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. "पण स्टाफ तुम्हाला जुमानत नाही. जरा कडक व्हा." खजिनदारांनी त्यात 'प्रेमळपणे' अशी दुरुस्ती सुचवली आणि ठराव एकमताने मंजूर झाला: पाळकांनी प्रेमळपणे कडक व्हावे. कसं व्हावं, याबद्दल इतिवृत्तात काही नाही.

बाहेरच्यांना वाटतं, चर्चला कसला आलाय स्टाफ! एक पाळक, एक घंटा आणि वर प्रभू. प्रत्यक्षात ऑफिस सांभाळणाऱ्या ताई असतात, ऑर्गन वाजवणारे सर असतात, इमारतीची देखभाल करणारे मामा असतात, तरुणांचं काम बघणारा एक उत्साही मुलगा असतो. शिवाय स्वयंसेवक. स्वयंसेवकांना कामावरून काढता येत नाही, कारण त्यांना कामावर कुणी घेतलेलंच नसतं.

यातली खरी मेख अशी की आठवडाभर जी माणसं माझ्या हाताखाली असतात, तीच रविवारी माझ्यासमोर बाकावर बसून मी काय बोलतो ते नीट ऐकून ठेवतात. इतर साहेबांना ही अडचण नाही. त्यांनी आदल्या दिवशी व्यासपीठावरून "क्षमा करा, पुन्हा पुन्हा करा," असं कळकळीने सांगितलेलं नसतं. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पंधरावं वचन आहे, भावाने अपराध केला तर तू त्याच्याकडे एकांतात जा आणि त्याचा दोष त्याला दाखव. बाविसावं वचन आहे, क्षमा सात वेळा नव्हे, सातांच्या सत्तर वेळा. मी पंधराव्या वचनाची तयारी करून जातो आणि स्टाफ आधीच बाविसाव्यावर जाऊन बसलेला असतो. मामांना मी एकदा गळक्या नळाबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "रविवारचा तुमचा संदेश फार लागला हो मनाला." झालं. यानंतर नळाबद्दल बोलणार कोण?

थिऑलॉजी शिकताना मला ग्रीक क्रियापदं शिकवली, हिब्रू शिकवलं, संदेशाची मांडणी कशी करावी ते शिकवलं. माणसाला 'उशीर का झाला' हे कसं विचारावं, याचा तास झाला नाही. म्हणून मी सवयीप्रमाणे पवित्र शास्त्राकडे वळलो.

नेतृत्वावरच्या व्याख्यानांत बायबलातला यहूदी पुढारी नहेम्या याचं नाव हमखास असतं, कारण त्याने यरुशलेमचा तट 52 दिवसांत उभा केला. पण त्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायापर्यंत ही व्याख्यानं सहसा पोहोचत नाहीत. न ऐकणाऱ्या लोकांना आपण शाप दिले, काहींना मारलं आणि त्यांचे केस उपटले, असं तिथे नहेम्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आमच्या सरांना ही पद्धत लागू करता येत नाही. त्यांना केस नाहीत.

दुसऱ्या टोकाला शिलो गावच्या देवळातला याजक एली. त्याचे मुलगे यज्ञाच्या मांसावर हात मारत होते, आणि एली त्यांना काय म्हणाला, तर असं का करता, लोकांकडून काय काय ऐकू येतंय मला, नाही रे बाळांनो, हे बरं नव्हे. वाचताना मी दचकलोच. अगदी माझा सूर! पुढे देवाने एलीला जबाबदार धरलं ते मुलांचे धंदे ठाऊक असून त्यांना आवरलं नाही म्हणून. ती गोष्ट मी त्या रात्री पुन्हा वाचली नाही.

इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याचं प्रकरण जरा दिलासा देतं. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. सासरा इथ्रो आला, त्याने दिवसभर बघितलं आणि सांगितलं, तू करतोस ते बरं नाही, झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. मोशेने ऐकलं. सासऱ्याचं ऐकलं, यावरून माणूस किती दमला असेल याची कल्पना यावी. माझ्याकडे दहा माणसंही नाहीत, त्यामुळे नायक नेमायचा तर तो मीच.

सगळ्यात धीर आला तो सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टमुळे. त्यांनी मठवासीयांसाठी 73 प्रकरणांची नियमावली लिहिली, त्यातलं एक प्रकरण प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांवर आहे. म्हणजे पहाटेच्या अंधारात, मठातच राहणारी, दुसरं काही काम नसलेली माणसंही उशिरा येत होती! बेनेडिक्ट म्हणतात, सुरुवातीचं स्तोत्र मुद्दाम सावकाश, लांबवून म्हणा, म्हणजे येणाऱ्याला गाठता येईल. त्यानंतर आला तर त्याला सगळ्यांच्या शेवटी उभं करा, पण बाहेर ठेवू नका. बाहेर ठेवलं तर तो परत जाऊन झोपेल नाहीतर गप्पा छाटत बसेल. याला म्हणतात माणसं ओळखणं. मी दोन रविवार पहिलं गीत लांबवून बघितलं. सर त्यानंतरही आरामात आले.

सर उशिरा आले की पहिलं गीत मला उचलावं लागतं. आता मी जी पट्टी धरतो, ती तिसऱ्या कडव्यापर्यंत दोनच बायकांना झेपते. बाकीची मंडळी तोंड हलवते. चौथ्या कडव्यात त्या दोघीही माझ्याकडे अशा बघतात की मी आपोआप "आता आपण बसू या" म्हणतो.

शेवटी कमिटीने मला नेतृत्वाच्या एका कार्यशाळेला धाडलं. तिथल्या बाईंनी तीन गोष्टी शिकवल्या: काय घडलं ते सांगा, त्याचा परिणाम सांगा, आता काय हवंय ते सांगा. "आणि मग," त्या बोट उभं करून म्हणाल्या, "गप्प बसा. शांतता सहन करायला शिका. ती भरून काढू नका. जो आधी बोलेल तो हरला." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

त्या बाईंनी पाळकाचं ऑफिस कधी पाहिलेलं नव्हतं.

मी सरांना बोलावलं, दार लावलं, काय घडलं ते सांगितलं, परिणाम सांगितला, अपेक्षा सांगितली. आवाजाला वळण पडलेलंच, त्यामुळे तिन्ही गोष्टी समाचाराला आल्यासारख्या निघाल्या. मग मी ठरल्याप्रमाणे गप्प बसलो. सरांनी दोन क्षण वाट पाहिली. मग त्यांनी चष्मा काढला, हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

पाळक बंद दारामागे गप्प झाला याचा अर्थ एकच होतो. सरांची काही चूक नव्हती. माझेही डोळे सवयीने मिटले. शांतता वाढत गेली. मिटल्या डोळ्यांनी मला बाईंचं ते उभं बोट दिसत होतं, पण प्रार्थनेला बसवलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं मला आजवर जमलेलं नाही. "हे दयाळू पित्या," मी सुरू केलं. पुढे गाडी आपोआप रुळावर आली. सरांच्या बोटांसाठी आभार मानले, त्यांच्या घरच्यांना आरोग्य मागितलं, आणि हिंमत करून एक वाक्य घातलं, "आणि आम्हा सर्वांना वेळेचं भान दे." सर मनापासून "आमेन" म्हणाले. जाताना माझा हात दाबून म्हणाले, "फार हलकं वाटलं. खरंच, आजकाल लोकांना वेळेचं भानच राहिलेलं नाही."

इथे एक कबूल करायला हवं की प्रार्थनेतून माणसाला टोमणे मारणं ही आमच्या पेशातली जुनी कला आहे. "प्रभू, ज्यांच्याकडे हॉलची किल्ली आहे त्यांना ती परत करण्याची बुद्धी दे," अशी प्रार्थना मी भरल्या सभेत ऐकलेली आहे. पण हा पळपुटेपणा आहे. देवाला किल्ली कुणाकडे आहे ते ठाऊक असतं. सांगायचं असतं त्या माणसाला. आणि त्याने डोळे मिटलेले असल्यामुळे आपल्याला त्याच्याकडे बघावं लागत नाही, एवढीच सोय. प्रेषित पौलाने अंत्युखिया शहरात येशूचा पट्टशिष्य पेत्र याला तोंडावर सुनावलं होतं, प्रार्थनेतून नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी मी जागा बदलली. शनिवारच्या तालमीनंतर, दिवे चालू, दार उघडं, दोघंही उभे. उभ्या माणसाने डोळे मिटायला जरा वेळ लागतो.

"सर, गेले काही रविवार तुम्ही पहिल्या गीतानंतर येताय. गीत मी उचलतो आणि मंडळीचे हाल होतात. यापुढे उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी तुम्ही ऑर्गनवर हवेत."

आणि पूर्णविराम. 'जमलं तर', 'बघा बुवा', 'प्रभूची इच्छा असेल तर', 'माझंही चुकतं म्हणा' हे सगळे शब्द दातांच्या मागे रांग लावून उभे होते. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

सर बराच वेळ बघत राहिले. "तुम्ही रागावलात का?"

"नाही."

"मग?"

"मग पंधरा मिनिटं आधी."

घरी आलो तेव्हा अंगात ताप असावा असं वाटत होतं. बायकोने काय झालं विचारलं. मी म्हणालो, सरांना बोललो. ती म्हणाली, "कुणी?"

दुसऱ्या दिवशी सर वेळेवर आले. ऑर्गन असा काही कडाडला की पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. मी जिंकलो असं वाटलं. सोमवारी सकाळी दारावर टकटक झाली.

"पाळकसाहेब, जरा वेळ आहे? पाळक म्हणून बोलायचं होतं."

"या ना सर. बसा."

सरांनी दार लावून घेतलं. "कामाच्या ठिकाणी मन फार दुखावलं गेलंय."

"अरेरे. कुणी दुखावलं?" हे माझ्या तोंडून इतक्या मायेने निघालं की अर्थ कळायला मला दोन क्षण लागले.

"आमचे वरिष्ठ आहेत. स्वभावाने चांगले. पण परवा फार तुटक बोलले." सरांच्या चेहऱ्यावर मस्करीचा लवलेश नव्हता. त्यांना माझ्याविरुद्ध तक्रार करायची होती आणि त्यासाठी त्यांचा विश्वास असलेला एकच माणूस होता. मी काय करणार? मान हलवत ऐकलं. "तुम्हाला वाईट वाटणं स्वाभाविक आहे," असंही म्हणालो. त्या वरिष्ठांवर ताण असेल, असं सुचवून पाहिलं. सर म्हणाले, "असेलही, पण माणसाने बोलताना विचार करावा." मला पटलं.

मग हळूच खरी गोष्ट बाहेर आली. गुडघे. ऑर्गन वरच्या माडीवर, जिना अरुंद आणि कठडा हलणारा. पायरीगणिक थांबत चढताना लोकांनी बघू नये म्हणून सर सगळी मंडळी आत जाऊन उभी राहीपर्यंत बाहेर थांबत आणि पहिल्या गीताच्या गोंगाटात वर चढत. तो गोंगाट मीच पुरवत होतो.

"हे आपल्यातच राहू द्या," सर म्हणाले. "साहेबांच्या कानावर जायला नको."

"नाही जाणार," मी शब्द दिला. पाळकाचा शब्द आहे, मोडता येत नाही. म्हणजे पाळक म्हणून मला जे कळलं ते साहेब म्हणून मला ठाऊक नाही. याच्यावर त्या कार्यशाळेत एक ओळही नव्हती.

मी उठलो आणि मामांना गाठलं. "मामा, माडीच्या जिन्याचा कठडा शुक्रवारपर्यंत पक्का झाला पाहिजे."

"कुणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग आत्ताच कशाला? इतकी वर्षं हलतोय."

"शुक्रवारपर्यंत, मामा."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पाळक बदलून आलाय. रविवारच्या संदेशाचा विषय काढायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. शुक्रवारी कठडा पक्का झाला आणि त्या भरात गळका नळही थांबला. सर आता सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसतात आणि वरिष्ठ पहिल्यापेक्षा सुधारलेत, असं मला अधूनमधून खासगीत कळवतात.

यश डोक्यात जातं ते असं. मी ऑफिससाठीही नियम केला. रविवारच्या बुलेटिनचा मजकूर बुधवारी संध्याकाळपर्यंत ताईंकडे. त्यानंतर आलेलं काहीही छापलं जाणार नाही, मग ते कुणाचंही असो. 'कुणाचंही' या शब्दाखाली मी स्वतः रेघ मारली होती. ताई वर्षानुवर्षं शनिवारी रात्री लोकांच्या सूचना टाइप करत बसायच्या, त्यांना रेघ फार आवडली.

पुढच्या रविवारी मी बुलेटिन उघडलं. प्रार्थना, गीत, शास्त्रपाठ, गीत, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: 'संदेश: विषय आलेला नाही.' संपूर्ण मंडळीच्या हातात. कमिटीच्याही. मी विषय गुरुवारी सकाळी दिला होता, हसतमुखाने. ताईंनी तितक्याच हसतमुखाने "बरं" म्हटलं होतं.

उपासनेनंतर सर जिन्याचा कठडा धरून खाली आले, बुलेटिनची घडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "ताईंना बोलणार ना आता?"

"छे. त्यांचं बरोबर आहे."

सरांनी निराशेने मान हलवली. "म्हणजे आमच्यापुरतेच कडक."