‘जळगावात बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेळ काढून एवढं लिहिलंत, आभार. इतरांसाठी सांगतो: मागच्या लेखात मी म्हटलं होतं की छोट्या कामाला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर (मागेल त्याला पान वाटणारा प्रोग्राम) पुरे, वाइल्डफ्लायसारखं अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचं धूड (मोठमोठे जावा प्रोग्राम चालवणारं) कशाला पोसायचं? त्यावर या साहेबांचं म्हणणं असं: वेब सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर यांची तुलनाच चुकीची, टॉमकॅट या जावा सर्व्हरला मी ‘फुल अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर’ म्हटलं, दोन डेटाबेसवर एकदम होणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा (नोंद दोन्हीकडे व्हावी, नाही तर कुठेच नाही) विषय टाळला. आणि शेवटी, ‘जळगावात बसून दोन वेबसाइट सांभाळणाऱ्यानं एंटरप्राइझवर बोलू नये.’

टॉमकॅटचं मान्य. तो सर्व्हलेट कंटेनर, म्हणजे जावातले वेब प्रोग्राम चालवण्यापुरता. फुल सर्व्हरमधलं ईजेबी (धंद्याचे नियम सांभाळणारे भाग) त्यात नाही, जेएमएस (प्रोग्रामांमधली निरोपांची ने-आण) नाही. घाईत लिहिलं गेलं, दुरुस्त केलंय.

आता जळगाव. भाऊ, २००४ साली एनजिनएक्स लोकांसमोर आला तो इगोर सिसोएव या एका सिस्टिम अ‍ॅडमिनच्या हातून. एका मशीनवर एका वेळी दहा हजार जोडण्या कशा पेलायच्या, हे त्याचं कोडं होतं. त्याला कुणी पत्ता विचारला होता का?

सात-आठ वर्षांपूर्वी रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याची साइट माझ्याकडे आली. २ जीबी मेमरीचं सर्व्हर मशीन, त्यावर मायएसक्यूएल डेटाबेस, आणि आधीच्या (मोठ्या शहरातल्या, बरं का) मंडळींनी चढवलेला अख्खा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. काम काय? एक टेबल, एक पान, दिवसातून एकदा बदलणारा भाव. भाव निघाला की शेतकऱ्यांची झुंबड, आणि नेमकी तेव्हाच साइट झोपायची. मालकाचा फोन: ‘भो, भाव नाही दिसत.’ मे महिना, लाइट गेलेली, इन्व्हर्टर कण्हतोय, मोबाइलच्या नेटवरून मी लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडला. मेमरी संपली म्हणून कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) जावाची, म्हणजे त्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरची, प्रोसेसच मारून टाकलेली. पुन्हा चालू केली तर उठायलाच दीड मिनिट, तोवर बाहेर गर्दी दुप्पट.

शेवटी चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. भाव बदलला की ती एकदाच एचटीएमएल फाइल बनवते, एनजिनएक्स ती वाटत बसतो. त्याला येणाऱ्या प्रत्येकामागे वेगळा थ्रेड (प्रोग्राममधला जणू एक स्वतंत्र कामगार) अडकवावा लागत नाही. मोजक्या वर्कर प्रोसेस सगळ्यांना पुरतात. आता त्या मालकाचा फोन फक्त दिवाळीला येतो. हे मी कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही, घाम पुसत शिकलोय. तुम्ही तुमचा अनुभव एका ओळीतही सांगितला नाहीत, फक्त माझं गाव मोजलंत.

ट्रान्झॅक्शनचं म्हणाल, तर ज्याला लागतं त्यानं खुशाल मोठा सर्व्हर घ्यावा. लेख त्याच्यासाठी नव्हताच. आणि तुलना चुकीची असेलही, पण गिऱ्हाईक रोज हेच विचारतं, त्याला काय हाकलून देऊ?

लेखाखाली दुरुस्तीची नोंद टाकली आहे. तुमचं नाव घालणार होतो, पण तुम्ही ते लिहिलेलंच नाही. गावही नाही.