हार्ड डिस्क कोणती घेऊ?

गेल्या महिन्यात एका रात्री माझ्या खोलीत पाल चुकचुकली. मी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पाल कुठेच नव्हती. जरा वेळाने पुन्हा टक्. मग टक् टक्. कान लावून शोधत गेलो तर आवाज टेबलाखालच्या डब्यातून येत होता. चुकचुकत होती ती माझी आठ वर्षं जुनी हार्ड डिस्क.

शहाणा माणूस अशा वेळी गुपचूप नवी डिस्क आणतो. मी चारचौघांत विचारलं, "हार्ड डिस्क कोणती घेऊ?"

"भाऊजी, डोळे झाकून अ कंपनीची घ्या," मेहुणा म्हणाला.

"अ?" ऑफिसातला मित्र किंचाळलाच. "माझी अ सहा महिन्यांत गेली. ब घे, ब."

"ब नको रे," शेजारचे काका म्हणाले. "ब म्हणजे नुसतं नाव."

(कंपन्यांची खरी नावं लिहीत नाही. एकीचं लिहिलं तर दुसरीचे भक्त मला पैसे पोचले म्हणतील, आणि दोघींची लिहिली तर दोन्हीकडचे.)

एक जण तर माझ्याकडे चुलीवर पाणी तापवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत म्हणाला, "हार्ड डिस्क? अजून? एसएसडी घे. तिच्यात फिरणारी तबकडीच नसते, नुसत्या चिप." त्यावर दुसऱ्याने लगेच सांगितलं, की एसएसडीत किती वेळा लिहायचं ते मोजून दिलेलं असतं, ते संपलं की राम म्हणायचं. हा गृहस्थ दिवसभरात दोन पत्रं लिहितो. त्या हिशोबाने त्याची एसएसडी त्याच्या पणतवाला पुरेल. पण त्याला रात्री झोप नाही.

हळूहळू लक्षात आलं, की इथे प्रत्येक श्रद्धेच्या पायाशी एक मेलेली डिस्क पुरलेली आहे. एकच. मित्राची अ गेली, म्हणून अ वाईट. मेहुण्याची ब गेली, म्हणून अ देवमाणूस. ज्याची डिस्क दहा वर्षं बिनबोभाट चालते, त्याला ती कोणत्या कंपनीची हे माहीतच नसतं, त्यामुळे तो बोलतच नाही. मलाही माहीत नव्हतं. डबा उघडून पाहिलं तर ती अ पण नव्हती आणि ब पण नव्हती. जिचं नाव त्या सबंध चर्चेत एकानेही काढलं नव्हतं, अशा कुण्या तिसरीचीच होती.

काकांचं दुःख मात्र ऐतिहासिक. २००० साली आयबीएमची डेस्कस्टार ७५ जीएक्सपी नावाची मालिका आली होती. तिच्यातल्या डिस्क इतक्या बंद पडायला लागल्या, की लोकांनी तिचं 'डेथस्टार' असं नव्याने बारसं केलं. पुढे आयबीएमने तो धंदाच हिताचीला विकून टाकला. त्याला वीस वर्षं उलटून गेली, तरी काका दारातून परत येऊन मला बजावतात, "आणि हे बघ, आयबीएमची घेऊ नकोस."

"नाही घेणार, काका."

"दिली तरी घेऊ नकोस."

मग मेहुण्याने माहितीपत्रक आणलं. त्यात छापलं होतं, दोन बिघाडांमधला सरासरी काळ १० लाख तास. मी वर्षाच्या ८,७६० तासांनी भागलं, ११४ वर्षं आली. ११४ वर्षं! मी मनातल्या मनात मृत्युपत्रात डिस्कसाठी वेगळा रकाना आखला. नंतर कळलं, की हे एका डिस्कचं आयुष्य नव्हेच. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यातल्या साधारण नऊ जातील, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या नऊपैकी एक हमखास आपल्या ओळखीच्या, मोठा आवाज असलेल्या माणसाकडे असते.

आता आकड्यांवरच भरवसा ठेवायचा असं मी ठरवलं. काका म्हणत होते, डिस्क उष्णतेने जातात. मी त्यांना सांगितलं, की गुगलच्या लोकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजतात तेवढा घट्ट निघाला नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "गुगलचं असेल बाबा. माझी माझ्या डोळ्यांदेखत गेली."

एक लाख विरुद्ध एक. एक जिंकला.

तरी मी चिकाटी सोडली नाही. बॅकब्लेझ नावाची कंपनी लोकांच्या फायली साठवायचा धंदा करते आणि आपल्याकडच्या कोणत्या मॉडेलच्या किती डिस्क गेल्या, ते आकडे नेमाने जाहीर करते. ते कोष्टक मी सगळ्यांपुढे ठेवलं. त्यात एकाच कंपनीचं एक मॉडेल गुणी आणि दुसरं रडकं, असा प्रकार होता. म्हणजे भांडण मिटायला हरकत नव्हती. मेहुण्याने वरून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, "बघा, मी काय म्हणत होतो!" मित्राने खालून तिसऱ्या ओळीवर ठेवलं आणि तेच वाक्य म्हणाला. मधल्या ओळी कुणी वाचल्या नाहीत.

विश्वास कुणावर ठेवायचा याचे ठोकताळेही मी बांधून पाहिले. "मी आयटीत आहे" असं जो आधी सांगतो, तो बहुधा पगारपत्रकं करतो. "डोळे झाकून घ्या" म्हणणाऱ्याने स्वतः डोळे उघडून काय घेतलंय ते विचारावं. मेहुण्याला विचारलं. त्याच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप निघाला.

दहाव्या दिवशी माझी भाची आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, बॅकअप आहे ना?"

खोलीत एवढी शांतता पसरली, की तेवढ्यात झालेला टक् सगळ्यांना ऐकू आला.

"बॅकअप म्हणजे..." मी म्हणालो, "नव्या डिस्कवरच घेणार होतो."

"मुद्दा तो नाहीये," मेहुणा म्हणाला. मित्रानेही मान डोलावली. दहा दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. भाचीने काही न बोलता स्वतःची डिस्क जोडली आणि फोटो उतरवायला घेतले. पहिल्या दोन वर्षांचे उतरले. तिसऱ्या वर्षातल्या कुठल्याशा सहलीत, बसमध्ये चढता चढता, ती निळी पट्टी थांबली ती थांबलीच.

टक् थांबलं.

मेहुणा म्हणाला, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, एकदा तरी जिवंत होते. मित्र म्हणाला, शुद्ध वेडेपणा, आत दव धरेल आणि तबकडीची उरलीसुरली वाट लागेल. मित्राचं बरोबर होतं, ते मलाही कळत होतं. पण सहा वर्षांचे फोटो आत होते आणि माझ्या हाताला काहीतरी करायला हवं होतं. मी डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळली आणि फ्रीजरचं दार उघडलं.

काका मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ निरखून पाहत होते.

"फ्रिज कोणत्या कंपनीचा आहे रे?"