‘मधला दलाल’ म्हणणाऱ्या वाचकास

गेल्या लेखाखाली ‘एक विवेकी’ अशा टोपणनावाने प्रतिक्रिया आली आहे. आयुर्वेदिक औषधांच्या पुरेशा चाचण्या होत नाहीत, नाडी बघून रोग सांगणं ही धूळफेक आहे, भस्मांत जड धातू असतात, असं बरंच काही तीत आहे. मी स्वतः वैद्य आहे. मला लागलं ते मात्र एकच वाक्य: “औषधात गुण असेल तर ते कुणीही दिलं तरी लागू पडेल, वैद्य हा फक्त मधला दलाल.”

मतभेदाला माझी ना नाही. विरोधी मत आहे म्हणून मी इथून कुणाची प्रतिक्रिया आजवर काढलेली नाही. पण दलाल? आपण आमच्या दारात उभे असतात तर हा शब्द तोंडातून निघाला असता का? टोपणनावाआड बसलं की जीभ सैल सुटते. विवेकी म्हणवून घेणाऱ्याकडून तरी माझी वेगळी अपेक्षा होती.

नाडीबद्दलचं म्हणणं काही अंशी मान्य. नुसत्या नाडीवरून सगळे रोग ओळखतो अशा पाट्या मलाही पटत नाहीत. चरक-सुश्रुतांच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या सर्वांत जुन्या ग्रंथांत नाडीपरीक्षा नाहीच, ती पुढे शार्ङ्गधरसंहितेत येते. वाग्भट या जुन्या ग्रंथकाराने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न सांगितले: रोग्याकडे बघा, हात लावून तपासा, विचारा. खरा वाद तिथे नाहीच. औषध असलं की वैद्य लागतो की नाही, हा खरा वाद.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला, म्हणजे पहिल्या भागातला, नववा अध्याय याच विषयावर आहे. चिकित्सेचे चार पाय: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. माती, दांडा, चाक, दोरा सगळं हाताशी असलं तरी कुंभाराशिवाय मडकं होत नाही, तसे वैद्याशिवाय बाकीचे तीन पाय कामाला येत नाहीत, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. आपण म्हणाल, ग्रंथ वैद्यांनीच लिहिले, ते स्वतःची बाजू घेणारच. मग त्याच सूत्रस्थानाचा पहिला अध्याय वाचा. वैद्याचा नुसता वेष घेऊन शरण आलेल्या रोग्याकडून अन्न, पाणी किंवा धन घेण्यापेक्षा सापाचं विष किंवा उकळतं तांबं प्यालेलं बरं, असं तिथे आहे. स्वतःच्या धंद्याची जाहिरात करणारे असं लिहीत नाहीत.

ग्रंथ राहू द्या. माझे वडील वाई तालुक्यात आयुष्यभर वैद्यकी करत होते आणि मी त्यांच्याजवळ बसून शिकले. एकदा एक बाई सुजलेले गुडघे घेऊन आल्या. शेजारणीला तिळाच्या तेलाने आराम पडला म्हणून यांनीही रोज रात्री तेल जिरवलं होतं, आणि सूज वाढतच गेली होती. वडिलांनी जीभ बघितली, तिच्यावर पांढरा जाड थर. सकाळी बोटं आखडतात का? मूठ वळायला किती वेळ लागतो? भूक लागते का? दुखणं या सांध्यातून त्या सांध्यात जातं का? शेजारणीचा संधिवात होता, म्हणजे सांध्यांची झीज; यांचा आमवात, म्हणजे न पचलेला ‘आम’ सांध्यांत साचून येणारी सूज. संधिवातात तेल हवं. आमवातात आधी लंघन, आणि शेक द्यायचा तोही कोरडा. वडिलांनी तेल बंद केलं, रात्रीचं दही सोडायला सांगितलं, सुंठीचा काढा दिला, रक्त तपासून यायला सांगितलं. आईने तव्यावर वाळू तापवली. तिची फडक्यात पुरचुंडी कशी बांधायची, रोग्याला लावण्याआधी आपल्या मनगटावर कशी टेकवून बघायची, हे आईने बाईंच्या सुनेला स्वतः करून दाखवलं.

तेल दोघींचं एकच होतं, गुणही तोच. मधे कुणी नव्हतं म्हणून एकीचे गुडघे सुजले. आता सांगा, कुणीही दिलेलं औषध कसं लागू पडतं ते.

करोनात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली होती तेच पटवलेलं नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. खरं कुणाचंही असो, वेल ओळखायला, मात्रा ठरवायला आणि ‘तुम्ही हे घेऊ नका’ म्हणायला कुणीतरी माणूस लागतो, हे दोन्ही बाजूंकडून निघतं.

आणि ‘नाही’ म्हणणं हाही वैद्यकीचाच भाग आहे. पोटात उजवीकडे खाली दुखतंय म्हणून आणलेल्या एका मुलाला वडिलांनी पुडी दिली नाही, पैसेही घेतले नाहीत. शेजाऱ्याची जीप काढून सरळ सर्जनकडे पाठवलं. दलाल गिऱ्हाईक परत पाठवतो हे तुम्ही कुठे पाहिलंत?

चाचण्यांचा विषय मोठा आहे, त्यावर इथे लिहीत नाही. धातूंबद्दल एवढंच: 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ती फळीवरून उचललेली होती, वैद्याने रोगी बघून दिलेली नव्हती. बाकीचे प्रश्न कारखानदारांना विचारा.

साडेचार वर्षं कॉलेज, वर्षभर आंतरवासिता आणि त्यानंतर वडिलांच्या शेजारची सतरंजी, एवढं करून मी रोग्यासमोर बसते. तुम्ही कशाच्या जोरावर बोलता ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो एक शब्द मागे घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे. नाही घेतलात तरी तुमची प्रतिक्रिया इथेच राहील.