बुटाची पट्टी त्याची त्यालाच लावू द्या

आज दवाखान्यात नंबरची वाट बघत बसले होते. समोर अडीचेक वर्षांचा मुलगा जमिनीवर बसून बूट चढवत होता. पट्टी अर्धवटच उघडलेली, त्यामुळे पाऊल आत जाईना. तरी जीभ बाहेर काढून त्याचं एकचित्ताने चाललं होतं. वडिलांनी जरा वेळ पाहिलं, बूट काढून घेतला, झटकन पायात घातला, पट्टी लावली. पोरगं रडायला लागल्यावर हातात मोबाइल दिला. नंबर यायला अजून अवकाश होता, घाई कसलीच नव्हती! संताप संताप झाला माझा.

अहो, तो शिकत होता! एका हाताने बूट धरायचा, दुसऱ्याने ओढायचं, तोल सांभाळायचा, जमलं नाही की पाय वळवून बघायचा. आणि हेच आईबाप पुढे मुलाला अक्षरांची कार्डं आणून देणार आणि म्हणणार, याचं लक्षच लागत नाही. लागलं होतं की, तुम्हीच तोडलंत.

त्याचं अडलं होतं फक्त पट्टीपाशी. ती पूर्ण उघडून मागे वळवायची आणि हात काढून घ्यायचा, एवढीच मदत पुरेशी होती. बूट शिकवायचा तर शेवटाकडून सुरुवात करा. आधी सगळं तुम्ही करा, पट्टी दाबायचं काम तेवढं त्याला ठेवा. ते जमलं की टाच आत सरकवणं, मग बोटं आत घालणं. मागे ओढायला फीत असलेले बूट घ्या. जमिनीऐवजी बुटक्या स्टुलावर बसवा, तोल जात नाही. डावं-उजवं कळत नसेल तर एक मोठं स्टिकर मधोमध कापून अर्धं अर्धं दोन्ही बुटांच्या आत चिकटवा, चित्र जुळलं की बूट बरोबर. उलटे घातले तरी लगेच टोकू नका, टोचलं की स्वतःच काढेल.

इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. तिथे मुलांच्या मापाची हलकी टेबलं-खुर्च्या आणि हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली. शंभराहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला! आपल्या घरांत मात्र अजूनही नळ, खुंटी, आरसा, सगळं मोठ्यांच्या उंचीवर, आणि मूल सारखं मागत असतं म्हणून आपण वैतागतो. तीनेक वर्षांच्या मुलाला साधारण २६ सेंटिमीटर उंच खुर्ची आणि ४६ सेंटिमीटर टेबल लागतं. पाय लोंबकळत असतील तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, हात नीट चालत नाही. पाणी ओतायला २०० मिलिलिटरचा छोटा जग, तोही अर्धाच भरलेला, आणि शेजारी फडकं. फडकं महत्त्वाचं, कारण सांडणारच, आणि सांडल्यावर काय करायचं हे त्याला दिसायला हवं. खेळणी एका वेळी सहा-आठच बाहेर, बाकीची आत, पंधरवड्याने अदलाबदल. ढीग समोर असला की मूल एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतं. आणि मागे चालू असलेला टीव्ही बंद करा. तो मूल बघत नसतं हे खरं, पण आवाजाने दर थोड्या वेळाने मान वर होते, खेळ तुटतो, शिवाय मोठ्यांचं बोलणंही आटतं.

सकाळी निघायच्या गडबडीत हे सगळं शक्य नसतं. मान्य. तेव्हा बूट तुम्हीच घाला.

पण दवाखान्यात वेळ होता, आणि तो मोबाइलला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, एक वर्षाच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी तितकं चांगलं.

लिहिता लिहिता त्या वडिलांचा चेहरा आठवतोय. दमलेले होते बिचारे. पोर अडतंय हे त्यांना बघवलं नाही, प्रेमच होतं ते. मुलाचं अडणं नुसतं बघत बसणं खरंच अवघड असतं. म्हणून स्वतःला काहीतरी काम द्या: मनात सावकाश दहापर्यंत मोजा. प्रश्न विचारल्यावरही तेच. लहान मुलाला ऐकलेलं समजायला आणि शब्द जुळवायला आपल्याहून जास्त वेळ लागतो, आणि आपण दुसऱ्या सेकंदाला उत्तर देऊन मोकळे होतो. ‘हा कुठला रंग?’ अशी परीक्षा घेण्यापेक्षा तो करतोय तेच शब्दांत सांगा: ‘पट्टी घट्ट बसलीय. टाच अजून बाहेर आहे.’ मूल तुमच्याकडे बघेपर्यंत हात पुढे करू नका. बघितलं, तर अडलेली तेवढीच पायरी सोडवा आणि बूट परत त्याच्या हातात द्या.